रेडिएशनचे दिवस आणि हजेरीपट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाई शिक्षिका होत्या. मुलीच्या हातात तिची स्वतःची कमाई असली पाहिजे, हे त्या शाळेत येणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली पुढे खरोखरच कमावत्या झाल्या. म्हणून कमावत्या बाईच्या आजारपणातला एक प्रश्न आज मी इथे मांडणार आहे. कर्करोग रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम केले. रेडिएशन विभागाबाहेरच्या बाकावर नंबर येण्याची वाट पाहत बसलेल्या बायका रेडिएशनला शेक म्हणत, आणि मला हमखास विचारत, "ताई, शेक चालू असताना मी कामावर जाऊ का?"

याला डॉक्टरांचे उत्तर बहुधा "जमेल तसं करा" असे असते. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबरच आहे. पण जमणे म्हणजे काय आणि ते कोणाकोणाच्या हातात असते, हे त्या तीन शब्दांत मावत नाही. बाई मात्र ते शब्द घेऊन घरी जाते आणि आपल्या हिमतीची परीक्षा असल्यासारखी त्यांच्याशी झगडत बसते. कामावर गेली तर "केवढी धीराची", नाही गेली तर "खचली बिचारी". हे मला मान्य नाही. हा प्रश्न मजुरीचा आहे, अंतराचा आहे, रजेच्या खात्यात काय उरले आहे त्याचा आहे, आणि घरातले काम कोण करणार याचा आहे. बाईच्या धीराचा त्यात फार थोडा भाग.

भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असावेत, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. आपल्याकडच्या रुग्णांचे सरासरी वय पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी भरते. म्हणजे हा आजार गाठतो तेव्हा बाई नोकरीत असते, मुले शिकत असतात, घराचे हप्ते चालू असतात.

आधी उपचाराविषयी थोडे सांगते. रेडिएशन घेताना दुखत नाही. सुरुवातीला सीटी स्कॅन करून आखणी करतात, छातीवर खुणा करतात, कधी सुईने बारीक ठिपके गोंदतात. मग सोमवार ते शुक्रवार रोज एकदा जायचे. हात डोक्याच्या वर घेऊन टेबलावर निजायचे. यंत्र भोवती फिरते, किरण चालू असतात ते मोजकी मिनिटेच, आणि आत जाऊन बाहेर यायला पाव तास ते वीस मिनिटे पुरतात. आजार डाव्या बाजूचा असेल तर हृदय किरणांपासून लांब राहावे म्हणून श्वास भरून रोखून धरायला शिकवतात. टेबलावरून उतरल्यावर अंगात कसलेही किरण उरत नाहीत. शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला, डब्यातली भाजी वाटून खाणाऱ्या मैत्रिणीला, मांडीवर येणाऱ्या नातवाला तिच्यापासून काहीही होत नाही. हे मी सभेत मोठ्याने सांगते आहे, कारण कामाच्या ठिकाणी बायकांचे कप वेगळे ठेवलेले मी ऐकले आहे, आणि ते ऐकताना त्या बायकांचे चेहरे पाहिले आहेत.

वीस मिनिटांचे काम, मग त्यासाठी अख्खा दिवस कशाला, असे साहेबांना वाटते. पहिल्या आठवड्यात बाईलाही तसेच वाटते. किमोच्या मानाने हे काहीच नाही, असे ती सगळ्यांना सांगते आणि कामावर रुजू होते.

थकवा त्या आठवड्यात आलेलाच नसतो. तो साचत जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाणवू लागतो, उपचार संपताना आणि संपल्यावर एक-दोन आठवडे सर्वांत जास्त असतो, आणि मग हळूहळू ओसरतो. कोणाला त्यासाठी काही आठवडे लागतात, कोणाला काही महिने. कातडीचेही तसेच. आधी लाली येते, मग आग होते, स्तनाखालच्या घडीत आणि काखेत सालपटे निघतात, आणि ही दाहाची परमावधी पुष्कळदा शेवटचा शेक होऊन गेल्यानंतर येते. नेमक्या त्याच दिवसांत ऑफिसात लोक म्हणतात, "संपलं ना सगळं? आता बरं वाटत असेल." तिलाही आपले संपल्यावर असे का व्हावे ते कळत नाही आणि ती स्वतःलाच दोष देते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की निर्णय पहिल्या आठवड्यावरून घेऊ नका. रजा थोडीच शिल्लक असेल तर ती सुरुवातीला उधळू नका. शेवटच्या आठवड्यासाठी आणि त्यापुढच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. वैद्यकीय दाखल्यावर उपचाराच्या तारखांबरोबर "उपचारानंतर दोन आठवडे विश्रांती किंवा हलके काम" हे वाक्यही डॉक्टरांना लिहायला सांगा. ते एक वाक्य नसल्यामुळे बायका सर्वांत थकलेल्या अवस्थेत पूर्ण ड्युटीवर उभ्या राहतात.

दुसरी गोष्ट. नुसते पडून राहणे हा या थकव्यावरचा उपाय नाही. रोज थोडे चालणे, हलका व्यायाम यांनी रेडिएशनमधला थकवा कमी होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. त्यामुळे झेपेल इतके काम अपाय करत नाही. काही जणींना तर त्याचा आधार असतो. घरी दिवसभर सगळे तिच्याकडे आजारी माणूस म्हणून पाहतात. बँकेच्या काउंटरवर समोरच्या माणसाला आपला चेक वटल्याशी मतलब असतो. तेवढे चार तास ती पुन्हा पूर्वीची होते. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत कोणाच्या तरी लोणच्यावर चर्चा होते आणि तिच्या गाठीचा विषय निघत नाही. ज्यांना हे हवे असते त्यांना "घरीच थांब" असा प्रेमाचा हुकूम करू नये.

आता रजेच्या हिशेबाकडे येते. स्तनाच्या कर्करोगात रेडिएशन बहुतेकींच्या वाट्याला शेवटी येते. आधी शस्त्रक्रिया, मग काही महिने किमो, किंवा आधी किमो आणि मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर शेक. तोवर रजेचे खाते रिकामे झालेले असते. राज्य सरकारच्या सेवेत अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस जमा होते, आणि वैद्यकीय दाखल्यावर ती निम्म्या दिवसांची पूर्ण पगारी परिवर्तित रजा म्हणून घेता येते. जुन्या नोकरदार बाईकडे ती साठलेली असते. पण पाच-सहा वर्षेच नोकरी झालेली बाई शेकापर्यंत पोहोचते तेव्हा तिच्यासमोर असाधारण, म्हणजे बिनपगारी रजा, एवढाच पर्याय असतो. ती कामावर जाते ती यामुळे. लोक त्याला जिद्द म्हणतात. मला तो शब्द तिथे वापरायला जड जाते.

यातून सुटण्याचा एक रस्ता विज्ञानाने काढून दिला आहे, तो म्हणजे शेकाचे दिवसच कमी करण्याचा, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. शंभर वर्षांपूर्वी अख्खा स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी असे सगळेच कापून टाकत. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी या शल्यविशारदांनी १९७० च्या दशकात वेगळी वाट धरली. गाठ तेवढी काढायची, स्तन ठेवायचा आणि वर रेडिएशन द्यायचे. २००२ मध्ये दोघांचेही वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्तन राखलेल्या स्त्रिया स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या होत्या. शस्त्रक्रिया लहान झाली, पण त्याची किंमत म्हणून रोजच्या खेपा आल्या. ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) एवढी मात्रा २५ भागांत, पाच आठवडे. निरोगी पेशींना मधल्या वेळात सावरता यावे म्हणून मात्रा अशी वाटून देतात. पाच आठवडे रोज इस्पितळ गाठणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांनी गाव आणि पोट यांचा विचार करून स्तन काढूनच टाकणे पत्करले. असे निर्णय मी फायलींमध्ये वाचले आहेत.

पुढे लक्षात आले, की स्तनाचा कर्करोग रोजच्या मात्रेच्या आकाराला बराच संवेदनशील असतो. म्हणून रोज थोडी मोठी मात्रा देऊन दिवस कमी करता येतात. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी ४० ग्रे १५ भागांत, म्हणजे तीन आठवड्यांत दिले आणि निष्कर्ष तितकेच चांगले आले. मग त्याच देशात ४,०९६ रुग्णांवर आणखी एक चाचणी झाली. तिच्यात २६ ग्रे फक्त ५ भागांत, एका आठवड्यात दिले होते. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या ऐन लाटेत तिचे पाच वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आजार परत येण्याच्या बाबतीत एक आठवडा तीन आठवड्यांहून कमी पडला नव्हता. प्रत्येकीला हा छोटा उपचार लागू पडत नाही. काखेतल्या आणि गळपट्टीजवळच्या गाठींना शेक द्यायचा असेल, स्तनाची पुनर्रचना केलेली असेल, गाठीच्या जागी जादा मात्रा द्यायची असेल, तर डॉक्टर वेगळा विचार करतात. पण ज्या बाईला मजुरीवर पाणी सोडून यावे लागते, तिच्या दृष्टीने २५ खाडे, १५ खाडे आणि ५ खाडे ही तीन निराळी आयुष्ये आहेत. "माझे किती दिवस होणार? यापेक्षा कमी दिवसांत होण्यासारखे आहे का?" हा प्रश्न आखणीच्या दिवशीच विचारा. आपण साडी-चोळी घेतानासुद्धा चार प्रश्न विचारतो. इथे विचारायला संकोच कशाला?

सोयीची वेळही मागून घ्या. सकाळचा पहिला नंबर मिळाला तर अर्धा दिवस भरता येतो. संध्याकाळचा शेवटचा मिळाला तर दिवस पूर्ण होतो. मात्र एक पथ्य पाळा. कामासाठी शेक चुकवू नका. मधे पडलेली खिंडारे उपचाराला बाधतात. सुट्ट्या आणि यंत्रांची दुरुस्ती यांनी तारखा तशाही पुढे जातात, म्हणून कामावर परतायची तारीख सांगताना चार दिवस हातचे धरा.

काम कोणते, यावर तर सगळेच अवलंबून आहे. संगणकापुढे बसणारी, घरूनही काम करू शकणारी मुलगी तीन आठवडे निभावून नेऊ शकते. एसटीतल्या कंडक्टर बाईच्या खांद्यावर पैशांच्या पिशवीचा पट्टा नेमका भाजलेल्या जागेवर घासतो, आणि गर्दीत धक्के बसतात ते वेगळेच. तिने काही दिवस आगारात टेबलावरचे काम लेखी अर्ज करून मागावे. पोळ्यांची कामे घेणारी बाई दिवसभर तव्याच्या धगीपुढे उभी असते आणि तिचा हात सतत खांद्यातून फिरतो. घाम आणि घर्षण हे या कातडीचे दोन मोठे वैरी. भात लावणीत उन्हात वाकून राहणारी, मोळ्या उचलणारी, तिला कोणी "हलके काम" द्यायचे? काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे वर्षानुवर्षे राहतो. अशा बाईचे काम थांबले पाहिजे, आणि काम थांबले तर चूल थांबता कामा नये.

शिवाय रेडिएशनची यंत्रे मोठ्या शहरांत. ज्यांना गावाहून मुंबईत परळच्या कर्करोग रुग्णालयात यावे लागते, त्यांच्यासाठी कामावर जाण्याचा प्रश्नच मिटतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात जागा मिळाली तर आठवडे निघतात. सोबत आलेल्या नवऱ्याची किंवा मुलाची मजुरीही बुडते, आणि ती कुठल्याच हिशेबात येत नाही. मुंबईत राहून लोकलने कामावर जाणाऱ्या बायकांना मी आवर्जून सांगते, की दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते. कागद जवळ ठेवा आणि निःशंकपणे बसा. महिलांच्या डब्यातली सकाळची रेटारेटी त्या छातीला सोसण्यासारखी नसते.

आता घर. या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते यावर.

"कामावर जाऊ की घरी राहू" असे आपण म्हणतो तेव्हा घर म्हणजे विश्रांती, असे गृहीत धरतो. पुरुषाच्या बाबतीत ते खरे असेल. रजा घेऊन घरी राहिलेल्या बाईला पहिल्या दिवसापासून "आता घरी आहेसच तर" हे शब्द ऐकू येतात. आहेसच तर गॅसवाला येईल तेव्हा दार उघड, आहेसच तर मुलाला शाळेतून आण, आहेसच तर गहू निवडून ठेव. भेटायला माणसे येतात आणि त्यांना चहा तीच करते. कामवाली परवडेनाशी होते, कारण पगार बंद. काही बायकांनी मला स्पष्ट सांगितले, की ताई, मी ऑफिसला जाते ती बसायला मिळते म्हणून. हे ऐकल्यापासून मी "काम करावे का" या प्रश्नाआधी "घरी स्वयंपाक कोण करते" हे विचारू लागले. घरातल्या पुरुषाने आणि मोठ्या मुलांनी तीन आठवडे स्वयंपाक, पाणी, धुणी आपल्या अंगावर घेतली तर अनेक जणींना नोकरी सहज झेपते. ती घेतली नाहीत तर रजाही पुरत नाही.

याच्या उलट बाजूचीही घरे असतात. "पुरे झाली नोकरी, राजीनामा दे" असे काळजीपोटी सांगितले जाते. थकव्याच्या ऐन भरात सही होते. दोन महिन्यांनी अंगात ताकद येते तेव्हा नोकरी गेलेली असते आणि औषधाच्या गोळ्यांसाठीही हात पसरावा लागतो. उपचार चालू असताना राजीनामा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. रजा घ्या, बिनपगारी घ्या, बदली मागा, पण ती सही पुढे ढकला.

आजारात काम करत राहिलेल्या स्त्रियांची उदाहरणे आपण एकमेकींना देतो. एक उदाहरण मी देते, पण ते पूर्ण देते. रेचल कार्सन ही अमेरिकन जीवशास्त्रज्ञ. कीटकनाशकांच्या बेबंद वापरावरचे तिचे 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक १९६२ मध्ये आले. ते लिहीत असताना, १९६० च्या एप्रिलमध्ये तिचा स्तन काढला गेला. कर्करोग असल्याचे तिच्या डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलेही नव्हते. वर्षअखेरीस आजार पसरल्याचे कळले, रेडिएशन सुरू झाले, आणि ती लिहीत राहिली. १९६३ च्या जूनमध्ये तिने सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १९६४ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी ती गेली. आजार तिने जगापासून लपवला, कारण रासायनिक कंपन्या त्याचा वापर करून तिचे संशोधन पक्षपाती ठरवतील अशी तिला भीती होती.

हे वाचून मन भरून येते. पण रेचलला हजेरीपटावर सही करायची नव्हती. लिहिण्याची वेळ तिची स्वतःची होती, आणि फार वाईट काळात ती अंथरुणावर पडून काम करी. तिला लेखनात मदत करणारी सहायक होती आणि घर सांभाळायला बाई होती. ज्या गोष्टींमुळे तिला काम करणे शक्य झाले त्या वगळून नुसती तिची चिकाटी दुसऱ्या बाईपुढे ठेवणे अन्यायाचे आहे. आणि लपवण्याचे म्हणाल, तर ज्या कारणासाठी तिला लपवावे लागले तशी कारणे आजही असतात. बढती अडते, करार पुढे वाढत नाही. कोणाला सांगायचे हे बाईनेच ठरवावे. पण वरिष्ठांपैकी एका विश्वासाच्या माणसाला तारखांसह लेखी कळवून ठेवलेले बरे, म्हणजे पुढे गैरहजेरीचा ठपका बसत नाही.

कायद्यात काय आहे? ज्यांचा पगार महिना २१ हजारांच्या आत आहे आणि ज्यांची ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वर्गणी कापली जाते, त्यांना आजारपणात सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. कर्करोग दीर्घ आजारांच्या यादीत असल्यामुळे, दोन वर्षांची सलग नोकरी आणि वर्गणीची अट पुरी होत असेल तर पुढे ८० टक्के दराने वाढीव लाभही मिळतो. तो दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. शिलाईच्या कारखान्यांतल्या किती तरी मुलींना आपल्या पगारातून कापले जाणारे पैसे यासाठीही आहेत हे माहीत नसते. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने कर्करोगाच्या निदानाच्या दिवसापासून त्या माणसाला अपंगत्वाचे संरक्षण मिळते, आणि कामाच्या वेळा व स्वरूप यांत वाजवी बदल करून देणे मालकावर बंधनकारक होते. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. कर्करोग त्यांत नाही. तो यावा, किंवा निदान उपचारकाळापुरते तसे संरक्षण मिळावे, अशी मागणी स्त्री संघटनांनी आणि कामगार संघटनांनी एकत्र करायला हवी.

आणि ज्या कुठल्याच हजेरीपटावर नाहीत त्यांचे काय? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून रेडिएशनचा खर्च भागतो, आणि त्या योजनेने अनेक जीव वाचवले आहेत. बुडालेली मजुरी मात्र तिच्यात बसत नाही. क्षयरोग्याच्या बँक खात्यात पोषणासाठी दरमहा पैसे जमा करण्याची पद्धत सरकारने २०१८ पासून सुरू केली. मार्ग तयार आहे, यंत्रणा तयार आहे. मग शेक चालू असेपर्यंत रोजंदारीवरच्या बाईच्या खात्यात किमान वेतनाइतकी रक्कम का जमा होऊ नये? मधेच उपचार सोडून गावी परतणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. विचारले की त्या सांगत, हप्ता थकला, खुरपणी आली, मुलाची फी राहिली.

सरकार करील तेव्हा करील. या सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या घरी कामाला बाई येते. तिला हा आजार झाला आणि तिने येऊन सांगितले, तर तिच्या जागी दुसरी लावून मोकळे होऊ नका. ती चार घरी जात असेल तर त्या चार घरांनी एकमेकांशी बोला. शेकाचे आठवडे आणि पुढचा पंधरवडा तिचा पूर्ण पगार चालू ठेवा, बदली बाईला तेवढ्यापुरतीच ठेवा आणि तसे तिला आधीच सांगा. ती परत येईल तेव्हा पहिले काही दिवस धुणे आणि वरची जाळी काढणे तिच्याकडून करून घेऊ नका. आणि तिलाच जर आठवड्यातून दोन दिवस यायचे असेल, चार माणसांत बसायला म्हणून, तर येऊ द्या. त्या दिवशी चहा तुम्ही करा.